लॉन घालण्यापूर्वी काळ्या जमिनीची तयारी कशी करावी? (मांजरी, ८०० चौरस फूट)

मांजरीचा_रहिवासी · ३ मे

नमस्कार. गेल्या डिसेंबरमध्ये आम्ही मांजरी बुद्रुक येथील रो-हाऊसमध्ये राहावयास आलो. घरामागे ४० फूट लांब आणि २० फूट रुंद असे मोकळे अंगण आहे आणि तेथे लॉन करावे, अशी घरातील सर्वांची इच्छा आहे. माझ्या आईचे वय ७४ आहे. सकाळी अनवाणी चालता यावे एवढीच तिची अपेक्षा असल्यामुळे शोभेपेक्षा जमीन सपाट आणि मऊ असणे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

जमीन काळी आहे. सध्या तिला बोट आत जाईल एवढ्या भेगा पडल्या आहेत, आणि मागील पावसाळ्यात येथे राहत असलेल्या शेजाऱ्यांच्या सांगण्यानुसार पाऊस थांबल्यानंतरही दोन-दोन दिवस भिंतीलगत पाणी साचून राहत असे. बांधकामाच्या वेळी टाकलेला राडारोडा काही ठिकाणी दिसतो, काही ठिकाणी बहुधा मातीखाली दडलेला आहे. शिवाय आई कुंड्यांना घातलेले पाणी जेथे जेथे सांडते, तेथे आठ दिवसांत लव्हाळा हे चिवट तण उगवते.

तीन माळीकाम करणाऱ्यांना बोलावून विचारले आणि तीन उत्तरे मिळाली. पहिल्याने सांगितले की, आहे त्या जमिनीवर दीड ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) लाल माती पसरून दोन दिवसांत गवताचे गालिचे अंथरून देतो. दुसऱ्याच्या मते काळी माती एक फूट खोल काढून टाकावी आणि तेवढीच, म्हणजे आठ ब्रास, लाल माती भरावी. हा खर्च आमच्या आवाक्याबाहेरचा आहे. तिसऱ्याने नुसती रेती मिसळा, असे सांगून विषय संपवला. तिघांचेही एका बाबतीत एकमत होते, ते म्हणजे पावसाळ्याच्या आत काम उरकावे.

ज्यांनी पुण्याच्या पूर्व भागातील काळ्या जमिनीवर लॉन केले आहे, त्यांनी खालील जमिनीची तयारी नेमकी कशी केली, हे कृपया सविस्तर सांगावे. गवताची जात मी नंतर ठरवीन.

वाफसा · ४ मे

गवताची जात नंतर ठरवीन, हे आपले वाक्य वाचून बरे वाटले, कारण बहुतेक जण उलट क्रमाने जातात. मीही तसाच गेलो होतो.

सात वर्षांपूर्वी वाघोलीच्या घरी मी आपल्या पहिल्या माळ्याने सुचवलेलाच मार्ग पत्करला. घट्ट झालेल्या काळ्या जमिनीवर दोन इंच लाल माती पसरली आणि त्यावर गालिचे अंथरले. जुलै-ऑगस्टमध्ये लॉन इतके हिरवे दिसत होते की, मी पाहुण्यांना मुद्दाम मागच्या दाराने घरात घेत असे. ऑक्टोबरच्या उन्हात ते जागोजागी पिवळे पडू लागले, तेव्हा एक कोपरा धरून ओढला, तर गवत चटईसारखे गुंडाळत हातात आले. मुळे दोन इंचांवर थांबून आडवी पसरली होती. काळ्या मातीत एकही शिरले नव्हते. लव्हाळ्याने मात्र खालून सुया टोचाव्यात तसा तो गालिचा शेकडो ठिकाणी भेदला होता.

याचे कारण असे की, दोन वेगळ्या पोतांच्या माती एकावर एक नुसत्या ठेवल्या, तर त्यांच्या सांध्यावर पाणीही अडते आणि मूळही. पावसाळ्यात वरचा थर चिखल होऊन राहतो आणि उन्हाळ्यात तोच थर दोन दिवसांत कोरडा पडतो. आपले ८०० चौरस फूट म्हणजे सुमारे ७४ चौरस मीटर होतात. कडक उन्हाळ्यात दिवसाला ५ मिलिमीटर पाणी लागते असे धरले, तर रोजचे ३७० लिटर झाले. मुळे सहा-आठ इंच खोल गेलेली असतील, तर हेच पाणी तीन-चार दिवसांतून एकदा सावकाश भरून देता येते. दोन इंचांच्या थरात ते साठवायला जागाच नसते.

काळी माती काढून टाकण्याची आवश्यकता नाही. माझे वडील दौंड तालुक्यात शेती करीत आणि या मातीला ते 'मानी' म्हणत. ती ओली असताना तिच्यात पाय घातला तर विटेसारखी आवळते, आणि पूर्ण वाळल्यावर कुदळ मारली तर फुटबॉलएवढी ढेकळे निघतात. तिच्याशी काम करण्याचा काळ एकच, तो म्हणजे वाफसा, म्हणजे माती फार ओलीही नाही आणि फार कोरडीही नाही अशी अवस्था. आज आपली जमीन दगडासारखी असणार. म्हणून प्रथम ती हलकेच भिजवावी, पाणी तुंबू देऊ नये आणि तीन-चार दिवस थांबावे. नंतर चार इंच खोलीवरची मूठभर माती दाबून गोळा करावा व कमरेइतक्या उंचीवरून सोडावा. गोळा पडून फुटला तर वाफसा आला. चपटा होऊन चिकटला तर अजून थांबावे. आणि मुळात गोळाच झाला नाही, तर उशीर झाला, पुन्हा भिजवावे.

वाफशावर टिकावाने आठ-नऊ इंच खोल खणून माती उलटीपालटी करावी. रोटाव्हेटर फिरवू नये. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली एकमेकींशी तंतूंनी जोडलेल्या असतात आणि यंत्राची पाती त्या तोडून सगळ्या अंगणभर पेरतात; एका गाठीच्या जागी दहा रोपे उभी राहतात. टिकावाने निघालेल्या गाठी हाताने वेचून पोत्यात भराव्यात. सगळ्या निघणार नाहीत, पण पुष्कळशा गाठी वरच्या अर्ध्या फुटातच असतात आणि उलटलेली माती मेच्या उन्हात दहा-बारा दिवस तापली की, वर आलेल्या गाठी वाळून मरतात. शेतकरी उन्हाळी नांगरट करून जमीन तापू देतात, ती याच कारणासाठी. मध्येच वळवाचा पाऊस झाला, तर अर्धवट वाळलेल्या गाठी पुन्हा जीव धरतात. तसे झाल्यास न कंटाळता दुसऱ्यांदा वेचणी करावी.

जमीन तापल्यावर त्यात पूर्ण कुजलेले शेणखत मिसळावे. दोन इंचांचा थर धरला, तर आपल्याला सव्वा ब्रासच्या थोडे वर लागेल. खताला शेणाचा वास येत असेल किंवा ढिगात हात घातल्यावर ऊब लागत असेल, तर ते घेऊ नये. कच्च्या शेणखतातून हुमणीची अळी येते, आणि हुमणी गवताची मुळे खाऊ लागली की, वरून कितीही पाणी घातले तरी व्यर्थ. खताबरोबर चौरस मीटरला १०० ग्रॅम निंबोळी पेंड आणि ४०-५० ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट पुरेसे आहे. हे सर्व वरच्या सहा इंचांत एकजीव व्हावे; थर म्हणून राहू नये.

रेतीविषयी एवढेच सांगतो की, भारी काळ्या मातीत थोडी रेती मिसळणे हे काही न मिसळण्यापेक्षा वाईट. परिणाम दिसण्यासाठी रेतीचे प्रमाण निम्म्याहून अधिक असावे लागते. त्याखालील प्रमाणात रेतीचे कण चिकणमातीत रुतून बसतात आणि उन्हाळ्यात जमीन अधिकच कठीण होते. चुना तर मुळीच घालू नये. तो सल्ला कोकणातल्या आम्लधर्मी मातीसाठी ठीक आहे. आपल्याकडची माती आधीच चुनखडीयुक्त असते, आणि अशा जमिनीत लोह मिळेनासे होऊन उसावर केवडा पडतो, तसेच गवतही पिवळे पडते. जिप्समसुद्धा चोपण, म्हणजे सोडियम वाढलेल्या, जमिनीसाठी आहे, प्रत्येक काळ्या जमिनीसाठी नव्हे. शंका असेल तर चार-पाच ठिकाणची माती एकत्र करून तपासून घ्यावी. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात ही सोय आहे.

निवृत्त_स्थापत्य · ५ मे

वरील प्रतिसादातील मातीविषयीच्या मजकुराशी मी सहमत आहे. मात्र खत आणि गवत या गोष्टी येण्याआधी पाण्याची व्यवस्था ठरली पाहिजे. भिंतीलगत दोन दिवस पाणी साचते, हे आपण ओघात लिहिले आहे. माझ्या मते आपल्या संपूर्ण प्रश्नातील ते सर्वांत महत्त्वाचे वाक्य आहे.

अंगणाच्या मध्यभागी आणि भिंतीपासून काही अंतरावर असे दोन खड्डे, प्रत्येकी एक फूट लांब, रुंद आणि खोल, घ्यावेत. ते पाण्याने भरावेत आणि पूर्ण जिरू द्यावेत. लगेच दुसऱ्यांदा भरून पाण्याची पातळी किती वेगाने उतरते, हे पट्टी लावून मोजावे. पहिल्या वेळचे मोजमाप ग्राह्य धरू नये, कारण भेगा पडलेली कोरडी काळी माती सुरुवातीला भरभरून पाणी पिते आणि एकदा फुगली की, त्या भेगा मिटतात. दुसऱ्या वेळी तासाला अर्धा इंचही पाणी उतरत नसेल, तर केवळ मशागतीने निचरा सुधारेल, अशी आशा बाळगू नये.

या परिसरात काळ्या मातीच्या थराखाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, अशी रचना सामान्यतः आढळते. काळ्या मातीतच शोषखड्डा घेतला, तर ते नुसते पाण्याचे टाके होते. तो मुरमापर्यंत खोल न्यावा लागतो. अंगणाच्या सर्वांत खालच्या बाजूला, घराच्या पायापासून शक्य तितका दूर, असा खड्डा घेऊन तो वीस मिलिमीटर खडीने भरावा आणि तेथपर्यंत छिद्रांचा चार इंची पाइप शंभरास एक या उतारात आणावा. पाइपाभोवती खडी आणि खडीभोवती जिओटेक्स्टाइलचे कापड नसेल, तर चिकणमाती दोन-तीन पावसाळ्यांत पाइप बुजवून टाकते. हे पाणी सांडपाण्याच्या चेंबरला जोडू नये.

जमिनीला उतार घरापासून बाहेरच्या दिशेने द्यावा. २० फुटांच्या रुंदीत तीन इंच उतार पुरे होतो. तो डोळ्याला दिसत नाही, आजींच्या पायालाही जाणवणार नाही, पण पाण्याला तेवढा समजतो. पातळी डोळ्यांच्या अंदाजाने ठरवू नये. गवंड्याकडील पाणी भरलेल्या लेव्हलच्या नळीने चारही कोपऱ्यांवर खुंट्या मारून, दोऱ्या ताणून घ्याव्यात आणि माती पसरल्यावर प्लॅस्टर करताना वापरतात तो लांब पाटा फिरवावा. लॉनची तयार पातळी घराच्या जोत्यापेक्षा किमान सहा इंच खाली असावी. भिंतीलगत दीड फुटाचा पट्टा खडीचा ठेवावा. तेथे वाळवीप्रतिबंधक औषध घातलेली माती असण्याचा संभव असतो, आणि ती उकरून तिच्यावर रोज पाणी मारणे शहाणपणाचे नाही.

राडारोड्याबद्दल: दर दोन फुटांवर पहार ठोकून पाहावी. टणत्कार आला तेथे खणावे. विटांचे तुकडे निघाले तर फारसे बिघडत नाही, परंतु जेथे मिक्सर धुतला जात असे ती जागा शोधून काढावी. सिमेंटच्या राळेचा पांढुरका पापुद्रा मातीत राहिला, तर त्यावर काहीही नीट रुजत नाही. तेवढ्या जागेची माती मात्र पूर्ण बदलावी.

रोपवाटिकावाली · ५ मे

वेळेबद्दल थोडे वेगळे मत मांडते. मातीकाम पावसाआधी संपले पाहिजे, हे खरेच आहे, कारण मृगाचा पाऊस सुरू झाल्यावर काळ्या रानात पाऊलही टाकता येत नाही. पण याचा अर्थ गवतही पावसाआधी लावावे, असा होत नाही. माळी घाई करतात, कारण जूनमध्ये लावलेले गवत पावसावर आपोआप तगते आणि पैसे घेऊन मोकळे होता येते.

माझा सल्ला असा की, जमीन तयार करून पहिले दोन महिने रिकामी ठेवावी. पाऊस पडला की, मातीत दडलेले सगळे तण उगवून येईल. गाजर गवत, केना, आंबुशी आणि उरलेला लव्हाळा, सगळे हजेरी लावतील. (गाजर गवताची तर भारतातली पहिली ठळक नोंदच १९५५-५६ च्या सुमारास आपल्या पुण्यात झाली, बाहेरून आणलेल्या मातीच्या गाडीबरोबर ते हमखास येते.) चार पानांवर असतानाच उघडीप बघून फळीवर उभे राहून ते खुरपून काढावे, म्हणजे माती दाबली जाणार नाही. पंधरा-वीस दिवसांनी दुसरी लाट येईल, तीही काढावी. दुसऱ्या लाटेत लव्हाळा किती उगवतो, यावरून उन्हाळ्यात जमीन किती तापली ते कळते. मधल्या काळात माती पावसाने आपोआप बसते, खड्डे उघडे पडतात आणि ते भरता येतात. ताज्या भरलेल्या मातीवर लगेच लॉन केले, तर हेच खड्डे गवताखाली तयार होतात आणि नेमके चालताना पाय मुरगळतो.

लव्हाळ्यावर कोणी ग्लायफोसेट सुचवले, तर ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारने त्याचा वापर कीड नियंत्रण करणाऱ्या व्यावसायिकांपुरताच मर्यादित केला आहे, हे लक्षात ठेवावे. माळ्याने बाटली आणून फवारणे त्यात बसत नाही.

आणि एक गोष्ट स्वतःच्या धंद्याविरुद्ध सांगते. गवताचा गालिचा घेताना तो उलटा करून खालची बाजू पाहावी. लव्हाळ्याची काळपट गाठ दिसली, तर संपूर्ण गाडी परत पाठवावी. तुम्ही महिनाभर वेचून काढलेले तण विकत घेण्यात काय अर्थ आहे?

मांजरीचा_रहिवासी · २१ मे

आपणा तिघांचे मनःपूर्वक आभार. काम सुरू केले आहे, म्हणून काय आढळले ते लिहितो.

भिंतीकडील खड्ड्यात दुसऱ्यांदा भरलेले पाणी बारा तासांत जेमतेम दीड इंच उतरले. मधल्या खड्ड्यात चार इंच. म्हणजे स्थापत्यकाकांनी सांगितल्याप्रमाणे पाइप टाळता येणार नाही. मागील कुंपणाजवळ चाचणीसाठी खणले, तेव्हा साडेतीन फुटांवर मुरूम लागला आणि त्यात ओतलेले पाणी अर्ध्या तासात दिसेनासे झाले. हे पाहून आईलाच सर्वाधिक आनंद झाला.

नैर्ऋत्य कोपऱ्यात मिक्सर धुण्याची जागा सापडली. सुमारे आठ फूट बाय पाच फूट जागेत बोटभर जाडीचा पांढरा थर होता आणि त्याखाली सिमेंटची दोन गोठलेली पोती निघाली. लव्हाळ्याच्या गाठी आजवर अडीच पोती भरल्या आहेत. वाफशाची गोळ्याची परीक्षा मी पहिल्या दिवशी उतावीळपणे गाळली आणि त्याची शिक्षा म्हणून दहा फुटांच्या पट्ट्यात ढेकळेच ढेकळे निघाली. तो भाग पुन्हा भिजवून ठेवला आहे.

दोन शंका उरल्या आहेत. कोपऱ्यातील काढलेल्या मातीच्या जागी लाल माती भरली, तर वाफसा यांनी सांगितलेला सांध्याचा प्रश्न तेथे उद्भवणार नाही का? आणि माती बसवण्यासाठी रस्त्याच्या कामाचा लहान रोलर भाड्याने आणावा, असे एकाने सुचवले आहे. तो आणावा का?

वाफसा · २१ मे

ढेकळांची काळजी करू नका. भिजल्यावर आणि वाळल्यावर काळी माती स्वतःच मोकळी होते. हा तिचा एक गुण आहे, आणि उन्हाळ्यातल्या भेगांबद्दल तिला माफ करायला तेवढा पुरेसा आहे.

कोपऱ्यात लाल माती भरू नये. अंगणाच्या दुसऱ्या बाजूची काळी मातीच तेथे ओढून घ्यावी आणि सर्वत्र पातळी अर्ध्या-पाऊण इंचाने कमी होऊ द्यावी. चाळीस चौरस फुटांसाठी बाहेरून माती आणली, तर तो तुकडा पुढे कायम वेगळ्या रंगाचा आणि वेगळ्या तहानेचा राहील. लाल माती घ्यायचीच असेल, तर पाऊण ब्रास घेऊन ती सगळ्या अंगणात शेणखताबरोबर मिसळून टाकावी.

निवृत्त_स्थापत्य · २२ मे

रस्त्याचा रोलर आणू नये; महिनाभराचे खणणे तासाभरात वाया जाईल. धुम्मसही (माती ठोकून घट्ट करण्याचे अवजार) फक्त पाइपाच्या चरावर आणि शोषखड्ड्याभोवती वापरावे. बाकीच्या अंगणात माती वरून कोरडी असताना टाचांवर भार देत, पाऊल पावलाला लावून एकदा उभे आणि एकदा आडवे चालावे, नंतर दाताळे फिरवावे. टाच साधारण अर्धा इंच रुतली, तर घट्टपणा योग्य आहे. दोन इंच रुतली, तर पुन्हा चालावे. अजिबात रुतली नाही, तर वरचे दोन इंच पुन्हा मोकळे करावेत.

पाण्याचा पाइप आणि अंगणातील दिव्याची वायर टाकायची असेल, तर ती याच आठवड्यात टाकून घ्यावी. फरसबंदीच्या कडेला मातीची पातळी फरशीपेक्षा एक इंच खाली ठेवावी, म्हणजे गालिचा अंथरल्यावर गवताचा बुंधा फरशीच्या बरोबरीने येईल आणि आजींना ठेच लागणार नाही.

मांजरीचा_रहिवासी · ६ जून

चर, पाइप आणि शोषखड्डा पूर्ण झाला. शेणखत मिसळून पाटा फिरवला आहे, आणि वीस फुटांत तीन इंचांचा उतार लेव्हलच्या नळीने दोनदा तपासला. काल संध्याकाळी तासभर जोराचा पाऊस झाला. रात्री बॅटरी घेऊन पाहिले, तर भिंतीलगत पाणी नव्हते आणि खडीखालून शोषखड्ड्याकडे पाणी जात असल्याचा आवाज येत होता.

रोपवाटिकावाली ताईंच्या सांगण्याप्रमाणे आता ऑगस्टपर्यंत अंगण मोकळेच ठेवणार आहे. पहिल्या माळ्याचा दोनदा फोन येऊन गेला. आईने खुरपे धुऊन दाराशी ठेवले आहे.